बार्बाडोसमध्ये स्वतः गाडी चालवायची असेल तर

बार्बाडोस हे बेट साधारण मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ३४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे २३ किलोमीटर. त्यामुळे पहिला विचार येतो की एवढ्याशा बेटावर गाडी कशाला हवी, आणि घेतलीच तर एका दिवसात सगळं पाहून होईल. हे दोन्ही अंदाज चुकतात. बेटाचा सर्वांत देखणा भाग, म्हणजे अटलांटिकच्या बाजूचा पूर्व किनारा, बसने गाठता येतो. पण तिथे मनाप्रमाणे थांबत थांबत जाता येत नाही. आणि इथले रस्ते असे आहेत की अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, ते तासांतच मोजावं लागतं. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली तर बाकीचं नियोजन सोपं होतं.

बार्बाडोस निवडायला आपल्या दृष्टीने एक मोठं कारण आहे. इथे भारतासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. पुण्या-नागपूरच्या माणसाला त्यामुळे वेगळी सवय करावी लागत नाही. न्यू जर्सी किंवा टोरांटोहून सुट्टीसाठी येणाऱ्या मराठी मंडळींना मात्र पहिला अर्धा तास जपून काढावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे वळलं की त्यांची गाडी आपसूक चुकीच्या बाजूला जाते. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘डावीकडे’ म्हणायचं, हा उपाय साधा आहे आणि लागू पडतो.

निघण्याआधीची कागदपत्रं

मूळ लायसन्सचं कार्ड सोबत हवंच. मोबाइलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स भारतात पोलिसांना चालतं, पण परदेशात भाड्याने गाडी देणाऱ्याच्या काउंटरवर त्यावर भिस्त ठेवू नका. कार्डाची मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक आहे ना, हे आधी बघा. आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, आपल्या आरटीओकडून मिळतो. ‘परिवहन’च्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट, व्हिसा किंवा तिकीट यांच्या प्रती लागतात. प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी हे काम उरकून घ्यावं.

आयडीपी काढला की झालं, असं मात्र समजू नका. बार्बाडोसमध्ये पाहुण्या चालकासाठी ‘व्हिजिटर्स ड्रायव्हिंग परमिट’ नावाचा वेगळा स्थानिक परवाना असतो. त्यासाठी सरकारी कार्यालयात रांग लावायची गरज नसते. गाडी देणारी कंपनीच तुमचं मूळ लायसन्स पाहून तो जागेवर करून देते आणि त्याची छोटी फी बिलात लावते. गाडी दोघं-तिघं आळीपाळीने चालवणार असाल, तर प्रत्येकाच्या नावाचा परवाना हवा आणि प्रत्येकाचं नाव करारातही हवं. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो. नवऱ्याच्या नावावर गाडी आणि बायको चालवणार, अशा घरांनी हे आधीच नीट करून घ्यावं.

वयाची अटही विचारून घ्या. बहुतेक कंपन्या २१ किंवा २५ वर्षांखालच्यांना गाडी देत नाहीत किंवा जास्त पैसे लावतात. काहींची वरचीही मर्यादा असते. सत्तरी ओलांडलेले बाबा गाडी चालवणार असतील, तर बुकिंग करतानाच ईमेलवर लेखी होकार घ्या.

पैशांचं गणित काउंटरवरच्या पाटीपुरतं नसतं. बार्बाडोस डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. त्यामुळे दर ऐकला की तो कोणत्या डॉलरमध्ये आहे, हा प्रश्न आधी. लहान गाडीला दिवसाला साधारण ६० ते ९० अमेरिकी डॉलर धरून चाला. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतच्या गर्दीच्या हंगामात त्याहून जास्त. मग विचारायचं की यात व्हॅट धरला आहे का, विमा धरला आहे का, विमानतळावर गाडी आणून देण्याचे वेगळे पैसे आहेत का.

डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा परदेशी वापर सुरू करा आणि मर्यादा वाढवा, कारण डिपॉझिटची रक्कम गाडी परत करेपर्यंत अडकून राहते. फॉरेक्स कार्ड खरेदीला उत्तम, पण डिपॉझिटसाठी ते बहुधा नाकारलं जातं. परदेशी क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीचा विमा फुकट मिळतो असं आपण वाचतो. आपल्या भारतीय कार्डाला ते लागू असेलच असं नाही. बँकेकडून लेखी खात्री नसेल, तर कंपनीचा विमा घ्या, आणि नुकसान झाल्यास आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार तो आकडा करारावर दाखवायला सांगा. टायर, काच आणि गाडीचा तळ हे तीन भाग बऱ्याचदा विम्याबाहेर असतात, आणि इथल्या रस्त्यांवर मार याच तिघांना बसतो.

कोणती गाडी

लहान घ्या. मनात असलेल्या गाडीपेक्षा एक माप लहान. बेटावरचे आतले रस्ते उसाच्या मळ्यांमधून वळत जातात. कितीतरी ठिकाणी समोरून बस आली की एकाला थांबून कडेला सरकावं लागतं, आणि कडेला गटार किंवा दगडी भिंत असते. चौघांच्या कुटुंबाला साधी हॅचबॅक पुरते. स्विफ्ट-आय टेन चालवणाऱ्याला इथे घरच्यासारखं वाटेल. सामान जास्त असेल तर विमानतळावरून मुक्कामी टॅक्सीने जा आणि गाडी दुसऱ्या दिवशी हॉटेलवर मागवा. बहुतेक कंपन्या हे करतात. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप न झालेल्या डोळ्यांनी आणि तेही अंधारात, अनोळखी बेटावर गाडी चालवण्यापेक्षा टॅक्सीचं भाडं केव्हाही परवडलं.

इथे मिनी मोक नावाची उघडी, दारं नसलेली गाडी फार लोकप्रिय आहे. समुद्रकिनाऱ्यावर ती शोभून दिसते, फोटो छान येतात. पण तिला कुलूप लावायची सोय नाही, सर आली की भिजायला होतं, आणि मागच्या सीटवर लहान मूल बसवणं मला तरी पटत नाही. दोघंच असाल तर एक दिवस हौसेने घ्या.

ऑटोमॅटिक गाड्या सहज मिळतात. घरी गिअरची गाडी चालवत असाल तर डावा पाय बाजूला नेऊन ठेवायचा आणि तिथेच राहू द्यायचा. लहान मुलाची सीट हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणं इथे अजिबात चालत नाही.

गाडी ताब्यात घेताना

घाई करणाऱ्या माणसासमोरही दहा मिनिटं घ्या. गाडीभोवती फिरून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारही चाकांच्या रिम, बंपरच्या खालची कड, पुढची काच, आरसे, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. प्रत्येक ओरखडा आणि पोचा कागदावर लिहून घ्यायला लावा. डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहे का ते बघा. एसी, वायपर, हॉर्न आणि दिव्यांचे बटण तिथेच चालवून बघा. कंपनीचा रात्री उचलला जाईल असा फोन नंबर घ्या. पोलिसांचा नंबर २११, अग्निशमन ३११ आणि रुग्णवाहिका ५११ आहे. तेही मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होते. त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना लांबूनच कळतं. ही सोयीची गोष्ट आहे. तुम्ही चौकात गोंधळलात तर लोक थांबतात, हाताने वाट दाखवतात. त्याच अक्षरामुळे गाडीत सामान असणार हेही कळतं. किनाऱ्यावर गाडी लावताना पासपोर्ट, कॅमेरा, पर्स आत ठेवू नका, डिकीतसुद्धा नाही.

रस्त्यावर

वेगमर्यादा वस्तीत ४०, बाहेर ६० आणि मोठ्या हमरस्त्याच्या काही भागांत ८० किलोमीटर आहे. सीटबेल्ट सक्तीचा, चालवताना फोन हातात धरणं गुन्हा. हे सगळं ओळखीचं आहे. आपल्याला नवा धडा घ्यावा लागतो तो राउंडअबाउटचा.

विमानतळाकडून राजधानी ब्रिजटाउनच्या बाहेरून उत्तरेकडे जाणारा ॲडम्स-बॅरो-कमिन्स हायवे, ज्याला सगळे एबीसी हायवे म्हणतात, तो एकामागून एक राउंडअबाउटनी भरलेला आहे. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला तिथली नावं वाचून आनंद होईल: गारफिल्ड सोबर्स, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट. नियम एकच, आणि तो खरोखर पाळला जातो: उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच वर्तुळात असलेल्या गाडीला वाट द्यायची. आपल्याकडे सर्कलमध्ये जो आधी नाक घालेल तो जातो. ती सवय इथे अपघात घडवेल. वर्तुळाच्या तोंडाशी पूर्ण थांबा, उजवीकडे बघा, जागा मिळाली की आत जा. डावीकडे वळायचं असेल तर डाव्या लेनमध्ये राहा, उजवीकडे जायचं असेल तर आधीच उजव्या लेनमध्ये या, आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्या. फाटा चुकला तर अजिबात घाबरू नका. आणखी एक फेरी मारा, कोणी काही म्हणत नाही.

यातल्या एका राउंडअबाउटच्या मध्यभागी साखळदंड तोडलेल्या गुलामाचा मोठा पुतळा आहे. कार्ल ब्रूडहॅगन या शिल्पकाराने तो १९८५ मध्ये घडवला. १८१६ च्या गुलामांच्या उठावाचा नेता बुसा याच्या नावानेच लोक त्याला ओळखतात. गाडी चालवत मान वळवून बघू नका. पुढे कुठेतरी गाडी लावून पायी या. ज्या उसाच्या रस्त्यांवरून आपण सुट्टीत फिरतो तो ऊस कोणाच्या घामावर उभा राहिला, हे तिथे उभं राहिल्यावर नीट समजतं.

हॉर्नचा अर्थही वेगळा आहे. इथे हॉर्न म्हणजे बहुधा ‘आभारी आहे’ किंवा ‘काय, कसं काय’. अरुंद ठिकाणी कोणी तुम्हाला वाट दिली तर हलकासा हॉर्न वाजवा. समोरच्याने डिपर मारला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा होतो. इथे तो बहुतेक वेळा ‘तू आधी जा’ असं सांगत असतो. तरीही समोरची गाडी खरंच थांबली आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे व्हा. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा दिसला की थांबायचंच.

रस्त्यावर तीन प्रकारच्या बस दिसतील. निळ्या, पिवळ्या पट्ट्याच्या सरकारी. पिवळ्या, निळ्या पट्ट्याच्या खासगी मिनीबस. आणि पांढऱ्या, किरमिजी पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांना नंबरप्लेटवरून ‘झेडआर’ म्हणतात. झेडआर जोरात गाणी लावून धावते आणि प्रवासी दिसला की अचानक थांबते. तिच्या मागे असाल तर नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

वाट शोधायला मोबाइलचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि डिजिसेल किंवा फ्लो यांचं स्थानिक सिम घ्या. पण नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो जवळचा म्हणून उसातल्या कच्च्या वाटेवर नेतो. शंका आली तर १ ते ७ क्रमांकाच्या हायवेवर परत या. हे सगळे ब्रिजटाउनमधून पंख्यासारखे बाहेर पसरतात. नेटवर्क गेलं तर बसथांब्याची पाटी बघा. तिच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं तोंड ब्रिजटाउनकडे आहे की विरुद्ध दिशेला ते लगेच कळतं. लोकांना विचारताना आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणा. थेट प्रश्न विचारणं इथे उद्धटपणाचं वाटतं.

सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा ब्रिजटाउन आणि एबीसी हायवे टाळा. राजधानीच्या आत एकमार्गी गल्ल्या आहेत. पैसे देऊन गाडी लावायच्या जागेत ती ठेवून पायीच फिरणं बरं. केन्सिंग्टन ओव्हल मैदान तिथून जवळ आहे. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो तिथेच. त्यानंतर बेरिल चक्रीवादळामुळे आपला संघ काही दिवस बेटावरच अडकला होता. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. त्या दिवसांत जाणार असाल, तर बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळतात का ते आधी वाचा.

कोणत्या दिशेने फिरायचं

डाव्या बाजूने चालवत असाल तर बेटाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फेरी मारा, म्हणजे पश्चिम किनाऱ्याने वर आणि पूर्व किनाऱ्याने खाली. समुद्र सतत तुमच्या डाव्या हाताला राहतो आणि थांबावंसं वाटलं की समोरची वाहतूक न कापता कडेला घेता येतं.

दक्षिण किनाऱ्यावर मुक्काम असेल तर सकाळी नऊची गर्दी ओसरल्यावर निघा. पश्चिमेला हायवे १ धरून होलटाउन. पहिले इंग्रज वसाहतवाले १६२७ मध्ये इथे उतरले. पुढे स्पाइट्सटाउन, तिथे चहा-नाश्ता. मग उत्तरेच्या टोकाला ॲनिमल फ्लॉवर केव्ह. समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद ठेवतात, पण वरच्या कड्यावरून दिसणारा अटलांटिक बघण्यासाठीही तिथवर जाणं योग्य आहे. इथून दक्षिणेला वळलं की सेंट निकोलस ॲबी हा सतराव्या शतकातला वाडा लागतो, आणि जवळच चेरी ट्री हिल. महोगनीच्या झाडांच्या कमानीतून रस्ता वर येतो आणि एकदम अख्खा पूर्व किनारा समोर उघडतो. रस्त्यावर हिरवी माकडं येतात, वेग कमी ठेवा. बकऱ्यांसारखे दिसणारे जे प्राणी चरताना दिसतील त्या बार्बाडोसच्या काळ्या पोटाच्या मेंढ्या आहेत.

चेरी ट्री हिलवरून मॉर्गन लुईस पवनचक्कीकडे उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आहे. ऑटोमॅटिकमध्येही गिअर खाली आणा, ‘एल’ किंवा ‘२’ वर, आणि ब्रेक सतत दाबून धरू नका. आपल्या घाटात करतो तेच. इथला रस्ता भेगाळलेला, खचलेला दिसेल. कारण जमिनीत आहे. बाकी बेटावर प्रवाळी चुनखडीचा टणक थर आहे. पूर्वेच्या या ‘स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट’मध्ये तो झिजून गेला आहे आणि खालची चिकणमाती उघडी पडली आहे. पाऊस झाला की ती सरकते. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर त्या दिवशी हा भाग सोडून द्या.

खाली उतरल्यावर अर्मी बोर्न हायवे लागतो. समुद्राला चिकटून जाणारा, मोकळा, शांत. बेटावरचा माझा सर्वांत आवडता रस्ता हाच. तो तुम्हाला बाथशेबाजवळ आणून सोडतो. तिथे किनाऱ्यावर प्रचंड खडक उभे आहेत आणि लाटा पाहण्यासारख्या असतात. पोहायचं मात्र नाही, प्रवाह धोकादायक आहेत. दगडांमधल्या उथळ डबक्यांत मुलांना बसवता येतं. पोहायचंच असेल तर खाली दक्षिणेला बाथ नावाचा किनारा आहे. प्रवाळाच्या भिंतीमुळे तिथलं पाणी शांत असतं.

बाथशेबाहून दुपारी चारच्या आत निघा. दोन कारणं आहेत. हॉर्स हिलचा चढ चढून हायवे ३ ने परतताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. आणि हिवाळ्यात साडेपाच-सहाला सूर्य मावळला की संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. उसातल्या रस्त्यांवर दिवे नाहीत, फुटपाथ नाहीत, आणि गडद कपड्यांतले लोक कडेने चालत असतात.

दुसरा अर्धा दिवस आग्नेय टोकासाठी ठेवा: क्रेन बीच, बॉटम बे, रॅगेड पॉइंटचं दीपगृह, कॉड्रिंग्टन कॉलेजची ताडांची रांग. संध्याकाळी परतताना, शुक्रवार असेल तर ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात जेवण. तिथे गर्दी भरपूर असते. मासे न खाणाऱ्यांनी वाटेत शेफेट या स्थानिक उपाहारगृहात थांबून रोटी घ्यावी. आत बटाट्याची भाजी भरलेली मिळते का विचारा. हॅरिसन्स केव्ह आणि हंट्स गार्डन्स बेटाच्या मध्यभागी आहेत. ते पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

किनाऱ्यावर गाडी सावलीत लावण्यापूर्वी झाड बघा. मँचिनील नावाच्या झाडाचा चीक इतका विषारी असतो की पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच झाडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो. त्याची हिरव्या सफरचंदासारखी फळं मुलांना उचलू देऊ नका. आणखी एक: लष्करी छापाचे, कॅमोफ्लाज कपडे घालायला इथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. ती पँट बॅगेत भरूच नका.

काही झालंच तर

धक्का लागला तर आधी माणसं पाहा, मग धोक्याचे दिवे लावा, गाड्या आहेत तशा फोटोत घ्या आणि कंपनीला व २११ ला फोन करा. पोलिस किंवा कंपनी सांगेपर्यंत गाडी हलवू नका, आणि रस्त्यावर कोणालाही पैसे देऊन प्रकरण मिटवू नका. पोलिसांच्या नोंदीशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही. टायर फुटला तर जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत हळू न्या. उसाच्या वळणावर चाक बदलायला बसू नका.

पेट्रोलचा दर सरकार ठरवतं, म्हणून सगळ्या पंपांवर तो सारखाच असतो. स्वस्त पंप शोधत फिरायची गरज नाही. पंपावरचा माणूसच भरून देतो. उत्तरेत आणि पूर्वेला पंप विरळ आहेत, तेव्हा सकाळी निघतानाच टाकी भरून घ्या.

पूर्ण सुट्टीभर गाडी ठेवायची गरज नसते. आठवड्याच्या मुक्कामात मधले दोन-तीन दिवस गाडी पुरे. उरलेल्या दिवशी किनाऱ्याने जाणारी बस पकडा. तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो, आणि सरकारी बसमध्ये सुटे पैसेच द्यावे लागतात. गाडी परत करताना पुन्हा तोच व्हिडिओ काढा, काटा पहिल्याइतकाच भरलेला दाखवा, कंपनीच्या माणसाची सही घ्या, आणि डिपॉझिट सुटल्याचा संदेश येईपर्यंत करार फाडू नका.